कुरण कोण मोजणार?



बाहेरगावाहून आलेले काही पाहुणे सकाळी थेट सिंदी रेल्वेला उतरले आणि तिथे आपल्या परिषदेचा मांडव शोधत बसले, असं कानावर आलं. ती तान्ह्या पोळ्याची सिंदी. ही सिंदी मेघे, वर्ध्याला चिकटलेली. सिंदी, सावंगी, बोरगाव ही मेघे गावं आता शहराचाच भाग वाटतात. जिकडे बघावं तिकडे ले-आऊट. कुरणांच्या आरोग्यावर बोलायला अशी जागा का निवडली, असं एकाने विचारलं. मला तरी ती योग्य वाटते. गावाचं चराऊ रान कसं दिसेनासं होतं, हे पाहायला इथून लांब जावं लागत नाही.

वर्धा जिल्ह्यात गाईवर भाषणं पुष्कळ झाली, गवतावर फार थोडी. जमनालाल बजाजांनी आयुष्याचे अखेरचे महिने गोसेवेला वाहिले. गोपुरीत झोपडी बांधून राहिले आणि 11 फेब्रुवारी 1942 ला गेले. शहरातलं गोरस भांडार आणि तिथला गोरसपाक हा त्याच परंपरेचा वारसा. पाहुण्यांनी तो घेतल्याशिवाय परत जाऊ नये. पण या सगळ्या प्रेमात गाय खाते काय, हा प्रश्न मागे पडला. गोठा, दूध, तूप, शेण यांचा हिशेब झाला. कुरणाचा झाला नाही.

आपल्या जिल्ह्याची गाय म्हणजे गवळाऊ. पांढरी-राखाडी, लांब तोंडाची, अंगाने हलकी, चालायला चपळ. तिच्या पैदाशीसाठी कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला सरकारी प्रक्षेत्र आहे. पण ती खरी टिकवली कारंजा, आर्वी, आष्टी तालुक्यांतल्या नंद गवळी समाजाने. ही गाय दावणीला बांधून पोसायची नाहीच. रानात फिरून, निवडून खाणारी ही जात. तिचं दूध घरी येतं, आटवून खवा होतो, शेणखत शेतात जातं. यातलं काहीही रान सोडून शक्य नाही. म्हणून जात वाचवायची योजना आखताना रेतनाच्या कांड्यांचा विचार आधी होतो आणि रानाचा नंतर, तेव्हा मला ती योजना उलटी वाटते.

रानावरचा ताण वाढला तो नुसती जनावरं वाढली म्हणून नव्हे. विदर्भात ज्वारी गेली आणि सोयाबीन आलं, तसा कडबा गेला. तुरीचं, हरभऱ्याचं कुटार उरलं, पण त्यावर वर्ष निघत नाही. उरलेलं जनावर कमी रानात जास्त दिवस चरू लागलं. दुसरीकडे, बोर अभयारण्य 1970 चं. 2014 मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झालं. वाघ हवाच. पण आत चराई बंद झाली की जनावर बाहेरच्या तुकड्यांवर येतं, आणि त्या तुकड्यांकडे कोणी पाहत नाही.

आता थोडं जमिनीवर बसून बोलू. चार काड्या बांधून एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकट करा आणि पावसाळा सरताना बरड्या रानात ठेवा. चांगल्या रानात चौकटीत शेडा सापडेल, खोलगट ओलीच्या जागी मारवेल. ही बहुवर्षायू गवतं. मूळ जिवंत राहतं, पहिल्या पावसाला पुन्हा फुटतात. दुसरी चौकट पांदणीच्या कडेला, जिथे जनावर रोज थांबतं तिथे ठेवा. तिथे कुसळीच कुसळी. कोवळी असताना ढोरं खातात, पण कुसळ धरली की तोंड लावत नाहीत. ती कातडीत घुसते, जिभेला टोचते. तिसरी चौकट आखराजवळ. तिथे तरोटा आणि गाजरगवत, मधे उघडी पांढरट माती, वरच्या थराला पापुद्रा धरलेला, पाणी मुरायचं सोडून वाहून जाणारं. शेड्यापासून तरोट्यापर्यंतचा हा उतार म्हणजे कुरणाच्या आजाराचा आलेख. दबडघाव आणि शंकरनारायण यांनी 1973 मध्ये देशाच्या तृणाच्छादनाचं वर्गीकरण केलं, तेव्हा आपलं दख्खन-विदर्भाचं रान शेडा-मारवेल वर्गातच घातलं होतं. आज तो वर्ग पुस्तकात पक्का आहे आणि रानात विरळ.

उपग्रहाच्या चित्रांवर इथे सकाळी एक चांगला निबंध वाचला गेला. मी त्याच्या विरोधात नाही. हिरवळ केव्हा आली, केव्हा गेली, आग कुठे लागली, हे वरून उत्तम दिसतं. पण तरोटाही हिरवा असतो आणि रायमुनिया, म्हणजे घाणेरीही. कारंजाकडच्या एका गायक्याला मी असं रंगीत चित्र दाखवलं. त्याने ते उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, ‘‘हिरवं दिसते म्हून काय झालं सर, ढोर त्याले तोंड नाही लावत.’’ कुरणाच्या आरोग्याची याहून नेमकी व्याख्या मला कुठल्या ग्रंथात मिळालेली नाही. कोणत्या महिन्यात कोणतं गवत सुटतं, कोणत्या नाल्यावर पाणी टिकतं, गाय कुठे मान खाली घालते आणि कुठून सरळ निघून जाते, ही माहिती रोज गोळा होते आहे. ती लिहून ठेवली जात नाही एवढंच.

लोकांनी मोजणी करायची ही कल्पना बाहेरून आणलेली नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत बसून जे. सी. कुमारप्पांनी 1938-39 च्या सुमारास मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारच्या औद्योगिक पाहणी समितीचं काम केलं आणि सहाशेहून अधिक गावांची पाहणी करवली. गावाची संपत्ती गावात जाऊन मोजायची, ही शिकवण वर्ध्यातूनच निघाली. आज मंगोलियात पशुपालकांचे चराई गट ठरलेल्या जागेवरून दरवर्षी फोटो काढून रानाची तुलना करतात, आणि आपण त्यांचं कौतुक परिसंवादात ऐकतो. संयुक्त राष्ट्रांनी हे 2026 साल गवताळ प्रदेश आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. वर्ष संपेल, फलक उतरतील. नोंदवही मात्र गावात राहिली पाहिजे.

इथे मला ‘लोकसहभाग’ या प्रकाराबद्दल कडू बोलायचं आहे. बहुतेक प्रकल्पांत गुराख्याचा सहभाग म्हणजे खड्डे खणायची मजुरी आणि रजिस्टरवर अंगठा. आराखडा वर ठरतो, माहिती वर जाते, अहवाल इंग्रजीत छापला जातो. आणि खड्डे तरी कशासाठी? झाडं लावण्यासाठी! 2019 मध्ये राज्याने 33 कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. झाडांना माझा विरोध असायचं कारण नाही. पण चांगल्या माळावर खड्डे पाडले की शेड्याची मुळं उपटली जातात आणि त्या भुसभुशीत मातीत पहिलं येतं ते गाजरगवत. माळ म्हणजे झाडं नसलेलं, म्हणून बिघडलेलं जंगल, हा समज आपल्या खात्यांच्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

भागीदारी म्हणायची तर आधी हक्क हवा. आपला जिल्हा जुन्या मध्य प्रांतातला. गावाच्या गुरांनी कुठे चरायचं, सरपण कुठून आणायचं, हे इथे निस्तारपत्रकात लिहिलेलं असे. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज कायम राहिले. तुमच्यापैकी किती जणांनी आपल्या गावाचं निस्तारपत्रक पाहिलं आहे? हात वर करू नका, लाजायला होईल. गुरं चारण्यासाठी राखलेली जमीन पुढे झुडपी जंगल म्हणून महसुली कागदावर राहिली. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत मिळून ती सुमारे 86 हजार हेक्टर आहे. 22 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वन मानली. शिवाय एक महत्त्वाची अट घातली: दुसरी जमीन उपलब्ध नसल्याचं प्रमाणपत्र असल्याशिवाय पर्यायी वनीकरणासाठी ती वापरायची नाही. ले-आऊटवाल्यांपासून त्यामुळे थोडं संरक्षण मिळेल. पण वन ठरल्यावर गाय आत जाणार की नाही, हा प्रश्न वनहक्क कायद्यानेच सुटेल. 2006 च्या त्या कायद्याच्या कलम 3 मध्ये चराईचा सामूहिक हक्क आहे, भटक्या पशुपालकांचाही आहे, आणि वनसंपदा राखण्याचा, पुन्हा वाढवण्याचाही. दावा मात्र ग्रामसभेने करायचा असतो.

भटक्यांचा उल्लेख मुद्दाम केला. कापूस उलंगला की काठेवाडी मंडळी मेंढ्या-गाई घेऊन येतात आणि गावोगाव भांडणं लागतात. त्यांना हाकलून कुरण सुधारत नाही. कोणत्या महिन्यात, कोणत्या तुकड्यात, किती दिवस हे त्यांच्यासोबत बसून ठरवावं लागतं. वाशीम-अकोल्याकडे ‘संवेदना’ संस्थेने फासेपारधी समाजाला बरोबर घेऊन माळरान आणि तणमोर राखण्याचं काम केलं. ज्यांच्यावर शिकारीचा शिक्का मारला गेला होता, तेच त्या माळाचे सर्वांत जाणते राखणदार निघाले. तेव्हा बैठकीला कोणाला बोलवायचं, हे जुन्या रागावरून ठरवू नये.

सुधारणेचा उपाय साधा आहे, पाळणं अवघड. रानाचे चार भाग करा. दरवर्षी एक भाग पहिल्या पावसापासून बी झडेपर्यंत, म्हणजे साधारण दिवाळीपर्यंत, बंद ठेवा. मग कापून घ्या, हवं तर चारा. पुढच्या वर्षी दुसरा भाग. उन्हाळ्यात आग लावू नका. रायमुनिया मुळासकट काढा आणि त्याच ओलीत गावातल्याच चांगल्या तुकड्यातलं शेड्या-मारवेलचं बी फेका. बंद भागाची झळ ज्या घराला जास्त बसते, त्याला कापणीत पहिला वाटा द्या, नाहीतर बंदी पहिल्याच महिन्यात मोडेल. आणि वही बायकांच्या हाती द्या. गवत कापतात त्या, खवा आटवतात त्या, दूध केव्हा घटलं हे त्यांनाच आधी कळतं. पण समितीच्या बैठकीत खुर्च्यांवर अजून पुरुषच बसलेले दिसतात. आजही, या मांडवातसुद्धा.

ठरावांची यादी लांब आहे, त्यातला एकच मी आग्रहाने मांडतो. येत्या पावसाळ्याआधी प्रत्येक गावाने तहसिलीतून निस्तारपत्रकाची नक्कल काढावी, ती ग्रामसभेत मोठ्याने वाचावी, आणि दिवाळीच्या आत आपल्या कुरणात तीन चौकटी टाकून पहिली नोंद करावी. महाविद्यालयांनी विद्यार्थी द्यावेत, खात्याने नकाशा द्यावा, पण वही गावाकडेच ठेवावी. पुढच्या परिषदेला येताना ती वही घेऊन या, भाषणं त्यानंतर करू.