इवल्या शब्दांचा मोठा कारभार
(हीरक महोत्सवी सोहळ्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



अशा प्रसंगी शाळेच्या यशाचा आलेख मांडण्याची प्रथा आहे. ते काम कार्यवाहांनी उत्तम केले आहे. मी भाषेची शिक्षिका असल्याने, प्रवेशाच्या दिवसांत पालक दरवर्षी जो प्रश्न विचारतात, त्याचेच उत्तर आज सविस्तर देणार आहे. ‘बाई, बेंगळुरूसारख्या शहरात मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाचे इंग्रजी कच्चे तर राहणार नाही ना?’ हा प्रश्न गैर नाही. आई-वडिलांना त्यात मुलाचे भवितव्य दिसते आणि आमच्या वर्गांतील बाके भरलेली राहणार की रिकामी, हेही त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. म्हणून मी भावनेचा नव्हे, व्याकरणाचा आधार घेते.

आपला मुलगा नेमका कोठे अडतो, ते आधी पाहू. ‘पोस्टपोन’, ‘टॉलरेट’, ‘सरेंडर’ हे शब्द त्याला पुस्तकातून येतात. परंतु समोरचा माणूस ‘पुट ऑफ’, ‘पुट अप विथ’, ‘गिव्ह अप’ असे बोलू लागला की तो गोंधळतो. ‘पुट’ म्हणजे ठेवणे, ‘अप’ म्हणजे वर, ‘विथ’ म्हणजे सह. या तिघांची बेरीज ‘सहन करणे’ कशी होते? सुटा प्रत्येक शब्द ओळखीचा, पण एकत्र आले की अनोळखी!

याचे मूळ इतिहासात आहे. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि दरबारात व न्यायालयात फ्रेंच भाषा आली. पुढे विद्वानांनी लॅटिनमधूनही शब्द आणले. घरातली, शेतातली, बाजारातली माणसे मात्र गेट, गिव्ह, पुट, टेक, लुक अशी आपली जुनी क्रियापदे आणि अप, ऑफ, आउट, इन हे इवले शब्द यांच्या जुळणीवरच कारभार चालवीत राहिली. आपल्याकडे ‘सभा स्थगित करणे’ आणि ‘सभा पुढे ढकलणे’ यांत जे अंतर आहे, तेच ‘पोस्टपोन’ आणि ‘पुट ऑफ’ यांत आहे. आपण इंग्रजी शिकलो ते ग्रंथांच्या दारातून. स्वयंपाकघराचे दार आपल्याला उघडावे लागते.

ही जुळणी आपल्याला परकी आहे काय? मुळीच नाही. संस्कृतात ‘हृ’ हा एकच धातू. उपसर्ग बदलला की त्यापासून आहार, विहार, प्रहार, संहार आणि परिहार असे परस्परांपासून दूरचे अर्थ निघतात. वेदांच्या भाषेत हा उपसर्ग क्रियापदापासून सुटून वाक्यात दूरही उभा राहत असे. इंग्रजीत ‘टर्न ऑफ द लाइट’ म्हणता येते, तसे ‘टर्न द लाइट ऑफ’ही म्हणता येते, आणि दिव्याऐवजी ‘इट’ आले, तर ते मध्येच बसवावे लागते.

मराठीने याच कामासाठी दुसऱ्या क्रियापदाची मदत घेतली. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक. ‘थ्रो अवे’ म्हणजे फेकून दे. ‘राइट डाउन’ म्हणजे लिहून घे. ‘ट्राय ऑन’ म्हणजे घालून पाहा. ‘फाइंड आउट’ म्हणजे शोधून काढ; येथे ‘आउट’ आणि ‘काढणे’ यांचे नाते तर उघडच दिसते. ‘खाऊन टाक’ म्हणताना आपण काहीही टाकत नाही आणि ‘बोलून बसला’ म्हणताना कोणी बसत नाही. मूळ अर्थ विरघळून क्रियेचा रंग तेवढा उरतो. ‘ईट अप’मधील ‘अप’चेही तसेच आहे.

आपल्या शहराची भाषा ऐका. कन्नडमध्ये ‘माडिबिडु’ म्हणजे करून टाक, ‘माडिकोडु’ म्हणजे करून दे, ‘माडिको’ म्हणजे करून घे आणि ‘माडि नोडु’ म्हणजे करून पाहा. गल्लीत कन्नड आणि घरात मराठी बोलणाऱ्या आपल्या मुलांनी ही जुळणी दोनदा आत्मसात केलेली असते. इंग्रजी ही त्यांच्यासाठी तिसरी ओळख आहे.

चुका होतात, त्याही समजून घेण्याजोग्या आहेत. आपण ‘त्याच्यावर’ रागावतो, म्हणून मूल ‘अँग्री ऑन हिम’ लिहिते. कन्नड मूलही ‘अवन मेले कोप’ म्हणत तेच लिहिते. ‘तिच्याशी लग्न’ म्हणून ‘मॅरीड विथ हर’, ‘खोलीत शिरणे’ म्हणून ‘एंटर इन द रूम’, ‘विषयावर चर्चा’ म्हणून ‘डिस्कस ऑन’. आणि ‘गाणी ऐकणे’ याला मराठीत मध्ये काही लागत नाही, म्हणून ‘लिसन साँग्ज’. तेथला ‘टू’ हरवतो. या चुका अडाणीपणाच्या नव्हेत. मुलाच्या मनात मराठीची विभक्ती पक्की आहे, एवढेच त्या सांगतात. ज्याला ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय आणि ‘शी’, ‘त’ हे प्रत्यय जाणीवपूर्वक शिकवले आहेत, त्याला ‘येथे इंग्रजी वेगळे वळण घेते’ हे एका वाक्यात दाखवता येते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने अनेक पिढ्यांना मराठीच्या आधारेच इंग्रजी शिकवले, ते उगाच नाही.

काही रूपे तर आपणच घडवली आहेत. आज या सभागृहात प्रत्येक जण शेजाऱ्याला विचारत आहे, ‘तू कोणत्या वर्षी पास आउट झालास?’ भारतात याचा अर्थ कोणालाही कळतो. परदेशी सहकाऱ्यापुढे मात्र जपून. ‘मी शाळेत पास आउट झालो’ असे ऐकल्यावर तो काळजीने विचारील, ‘मग शुद्धीवर कधी आलात?’ तसेच ‘कोप अप विथ’ मधला ‘अप’ आपला पदरचा. इंग्रजांना ‘कोप विथ’ पुरते. उलट कचेरीतील ‘फॉलोअप’, ‘बॅकअप’, ‘लॉगिन’ यांना आपण नाम करून ‘करणे’ जोडले आणि मराठी संसारात बसवून घेतले.

आता पालकांच्या प्रश्नाकडे येते. केवळ मराठी माध्यम आहे म्हणून इंग्रजी आपोआप चांगले होईल, असे मी म्हणणार नाही. हे इवले शब्द याद्या पाठ करून येत नाहीत. ते कानावर पडावे लागतात आणि पूर्ण वाक्यासह पडावे लागतात. ती संधी देणे हे शाळेचे कर्तव्य आहे. गोष्टी ऐकवणे, संवाद करवून घेणे, छोटी नाटुकली बसवणे याला पर्याय नाही. माजी विद्यार्थ्यांनो, तुम्ही दिवसभर याच भाषेत कामे उरकता. महिन्यातून एक तास येऊन मुलांशी नुसत्या गप्पा मारल्यात, तर ती देणगी कोनशिलेपेक्षा मोठी ठरेल.

आणि पालकहो, आपली एक जबाबदारी आहे. इंग्रजी सुधारावे म्हणून घरातील मराठी बंद करू नका. ‘खाऊन टाक’ आणि ‘खाऊन घे’ यांतला फरक ज्या मुलाला कळतो, त्याला ‘ईट अप’मधला ‘अप’ समजावता येतो. ज्याच्याजवळ दोन्हीही अर्धेच आहे, त्याला कशाच्या आधारे समजवायचे? मुलाला एक भाषा तरी पूर्ण, मुरलेली द्या. तिच्यावर दुसरी चढवण्याचे काम आमचे, आणि ते आम्ही मनापासून करू, एवढे आश्वासन शाळेच्या वतीने देते.