गंधाराची जागा



संगीतवर्गात प्रथमच येणाऱ्या मुलापुढे बहुधा पेटी ठेवली जाते. पांढरी एक हा षड्ज, असे सांगून धडा सुरू होतो. पट्टी दाबताच सूर हजर. कानाला काही काम उरत नाही. ही सोयच पुढे अडचण होऊन बसते.

पेटी आणि पियानो ही वाद्ये सप्तकाचे बारा समान भाग पाडून लावलेली असतात. त्यामुळे कोणतीही पट्टी षड्ज मानून गाता येते. पण त्याची किंमत गंधाराला मोजावी लागते. षड्जाची कंपने ४ असता गंधाराची ५, या प्रमाणातून येणाऱ्या शुद्ध गंधारापेक्षा पेटीचा गंधार चढा असतो. लगतच्या दोन पट्ट्यांतील अंतराचा तो जवळजवळ सातवा हिस्सा भरतो.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी याच सूक्ष्म फरकांचा ध्यास घेतला. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या साहाय्याने त्यांनी बावीस श्रुतींची मांडणी केली आणि क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या सहकार्याने श्रुती-हार्मोनियमही सिद्ध झाली. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदीच घातली. ती सैल होण्यास १९७१ उजाडले. त्याच वाद्याची जागतिक परिषद जानेवारी २०१८ मध्ये बंगळूर नगरीत भरली, हा काळाचा न्याय म्हणावा.

पेटी टाकून द्यावी असे मुळीच नाही. तिच्याआधी तंबोरा हाती यावा, एवढेच. जोडीच्या दोन तारा किंचित विसंवादी ठेवून छेडल्या, तर नाद हेलकावे खातो. कंपनांत दोनचा फरक असेल, तर सेकंदाला दोन हेलकावे. मुलाने खुंटी हलके फिरवावी. हेलकावे मंदावतात, आणि तारा एक झाल्या की थांबतात. मग मणी सरकवून उरलासुरला फरक काढावा. यासाठी पाठांतर लागत नाही, धीर लागतो. पालकांनी मात्र मध्येच हात घालून तार जुळवून देऊ नये! जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून, कोणी न छेडलेला गंधार आपोआप उमटतो. जाणकार त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो एकदा ऐकलेल्या मुलाला पेटीचा गंधार कोठे चढतो, हे सांगावे लागत नाही.

वाद्यांची निगाही याच शिक्षणात येते. बंगळूरचा पाऊस ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो. दमट हवेत पियानोचा लाकडी नादफलक फुगून सूर चढतात, कोरड्या हवेत उतरतात. म्हणून तो ओलसर भिंतीपासून आणि थेट उन्हापासून दूर असावा, आणि वर्षातून निदान एकदा जाणत्या कारागिराकडून लावून घ्यावा. पेटी बंद करताना पट्ट्या दाबून भात्यातील हवा जाऊ द्यावी. एखादा सूर मुका झाला, तर बहुधा धुळीचा कण अडकलेला असतो. तेवढ्यासाठी पितळी पात घरी खरवडू नये. टोकाशी खरवडल्यास सूर चढतो, मुळाशी खरवडल्यास उतरतो, आणि गेलेले पितळ परत येत नाही.