गप्पी मासा विहिरीत बरा, ओढ्यात नको
(रेडिओवरील शेती कार्यक्रमात झालेले भाषण)



मागच्या महिन्यात आपल्या एका श्रोत्याचं पत्र आलं. त्यांच्या घराजवळच्या विहिरीत दोन वर्षांपूर्वी आरोग्य सेवकाने डबाभर गप्पी मासे सोडले होते. डास कमी झाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण आता मासे इतके वाढले आहेत, की पोहरा वर ओढला तर त्यात चार-पाच तरी येतातच. ते विचारतात, "वाया जाण्यापेक्षा हे मासे मळ्याखालच्या ओढ्यात सोडले तर चालेल का? ओढ्याकाठी डास फार आहेत. तेवढंच पुण्याचं काम."

उत्तर आधीच सांगून टाकतो. ओढ्यात सोडू नका. नदीत नको, नाल्यात नको, गावतळ्यातही नको. आता असं का, ते नीट सांगितलं पाहिजे. कारण आजवर गप्पी मासे घ्या, विहिरीत सोडा, असं आम्हीच तुम्हाला सांगत आलो आहोत.

आणि एक कबुलीही देतो. हाच प्रश्न वीस वर्षांपूर्वी आला असता, तर मी "सोडा की" म्हणून मोकळा झालो असतो. एका वस्तीखालच्या ओढ्यात मी स्वतः बादलीभर गप्पी ओतले आहेत, तेही मोठ्या हौसेनं. आज त्या डोहात मच्छरदाणीचं कापड बुडवून काढलं तर गप्पीच गप्पी येतात. पूर्वी तेथे दांडवण असायची. सगळा दोष गप्पीचाच, असं मी म्हणत नाही. ओढ्यातली वाळू गेली, उन्हाळी पाणी आटलं, फवारणीचं औषधही उतरलं. पण त्यात माझी एक बादली होती, हे खरं आहे.

आता गप्पीची ओळख करून घेऊ. हा मासा मूळचा आपला नव्हे. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर व्हेनेझुएला देश आहे आणि त्याला लागून समुद्रात त्रिनिदाद हे बेट आहे. तिकडच्या ओढ्यांतला हा मासा. त्रिनिदादमध्ये राहणाऱ्या गप्पी नावाच्या एका साहेबाने 1866 च्या सुमारास याचे नमुने लंडनच्या संग्रहालयाला पाठवले, म्हणून याचं नाव गप्पी पडलं. आपल्या गप्पांशी त्याचा काही संबंध नाही! डासांच्या अळ्या खातो म्हणून तो देशोदेशी नेला गेला. आज सत्तरच्या आसपास परक्या देशांत तो घर करून बसला आहे.

नर लहान, इंच-सव्वा इंचाचा, शेपटीवर रंगीत ठिपके. मादी त्याहून मोठी आणि करड्या रंगाची. रोहू-कटल्यासारखी ती अंडी टाकत नाही, जिवंत पिल्लं देते. साधारण महिन्याला एक वेत, आणि एका वेतात वीस-तीस पिल्लं सहज होतात. ही पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः वेताला येतात. म्हशीच्या वेताचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला हे गणित वेगळं सांगायला नको. पण एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. मादी एकदा नराला भेटली, की त्याचं बीज ती पोटात कित्येक महिने सांभाळून ठेवते. पुढे नर जवळ नसला तरी तिची वेतं चालू राहतात. त्रिनिदादमध्ये संशोधकांनी एकेका टाकीत एकच मादी सोडून पाहिली. तो अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. बहुतेक टाक्यांत त्या एकटीपासून वस्ती उभी राहिली आणि दोन वर्षं टिकली. म्हणजे बादलीभर कशाला, ओंजळीतून एक मादी निसटली तरी पुरे.

तुम्ही म्हणाल, परक्या पाण्यात गेलेला एवढासा मासा जगतो कसा? खाणं कोठे आहे, त्याला ठाऊक नसतं. वैरी कोण, हे माहीत नसतं. सोबतीला आपल्या जातीचे फार तर चार-दोन. तो मरायला हवा. मग का मरत नाही?

या प्रश्नावर एका विद्यार्थिनीने डॉक्टरेटचा अभ्यास केला. तिचं नाव मोरेलिया कामाचो-सेर्वांतेस. विद्यापीठ स्कॉटलंडमधलं, सेंट अँड्र्यूजचं, आणि अभ्यासाचे मासे मेक्सिको देशातले. मासे एकमेकांशी कसे वागतात, कोणाच्या सोबतीने फिरतात, आणि थव्यात दोन जातींचे मासे मिसळले तर काय होतं, हे तिने पाहिलं. एवढ्याशा माशांच्या संगतीवर कोणी पदवी घेतं, हे ऐकून काहींना हसू येईल. पण आपल्या श्रोत्याच्या प्रश्नाचं उत्तर नेमकं त्यातच आहे.

आधी थव्याचं थोडं सांगतो. मासे थव्याने का राहतात? एक कारण भीती. अनेक डोळे असले की वैरी लवकर दिसतो. दुसरं कारण पोट. 1982 साली ब्रिटनमधल्या तीन संशोधकांनी टाकीत खाणं लपवून ठेवलं, आणि मासे कधी दोनच सोडले, कधी जास्त, असं वीसपर्यंत. मोठ्या थव्यातल्या माशांना खाणं लवकर सापडलं. एकाला सापडलं की बाकीचे त्याच्याकडे पाहून वळतात. परगावच्या जत्रेत आपण काय करतो? पाण्याचा नळ कोठे आहे ते विचारत बसत नाही. तांब्या-कळशा घेऊन माणसं जिकडे जाताना दिसतात, तिकडे आपणही जातो.

कामाचो-सेर्वांतेस यांनी पुढचा प्रश्न घेतला. थव्यातले सोबती परक्या जातीचे असले तर? मेक्सिकोच्या उंच पठारावरच्या तळ्यांत आणि झऱ्यांत काही बारके मासे आहेत. ते जगात दुसरीकडे कोठेही सापडत नाहीत. तेही जिवंत पिल्लं देतात. आईच्या पोटात पिल्लांना नाळेसारख्या पट्ट्यांतून पोषण मिळतं. अशा जातींपैकी कितीतरी आज नाहीशा होण्याच्या वाटेवर आहेत. या पाण्यांत गप्पी शिरला आहे. तेव्हा तिने तिथलेच गप्पी आणि तिथले मूळचे मासे घेतले, त्यांना एकत्र सोडलं, आणि गप्पीला खाणं किती सुधारून मिळतं ते पाहिलं.

2014 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गप्पी मूळच्या माशांच्या थव्यात खुशाल मिसळतो. आणि आपल्याच जातीच्या थव्यात खाण्याच्या बाबतीत त्याचा जेवढा फायदा होतो, तेवढाच या परक्या थव्यातही होतो. ज्या जातीच्या माशांशी तो जास्त जवळीक करतो, त्यांच्या संगतीत फायदाही जास्त. याचा अर्थ लक्षात घ्या. नव्या पाण्यात पडलेल्या गप्पीला आपले भाऊबंद गोळा होईपर्यंत थांबावं लागत नाही. गावातल्या माशांच्या पाठीमागे लागून तो खाणं गाठतो, आणि सर्वांत धोक्याचे पहिले दिवस त्यांच्याच आधाराने काढतो.

मग वेतं सुरू होतात.

आणि ज्यांच्या आधाराने तो तगला, त्यांना मोबदला काय मिळतो? मेक्सिकोतच 2008 साली झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं, की नर गप्पी मूळच्या माशांच्या माद्यांनाही सोडत नाही. त्या दिसायला गप्पीच्या मादीसारख्या असतात. नर त्यांच्या मागे सारखा लागतो, अंगलट करायला बघतो. स्वतःच्या जातीच्या माद्या जवळ असल्या तरी त्याचं हे चालूच राहतं. त्या मादीचं मग चरण्याकडे लक्ष राहील, का याला चुकवण्याकडे? पिल्लं होण्याचा तर प्रश्नच नाही, कारण जातच वेगळी. नुसता छळ. मिसळून राहणं दोघांनाही सारखंच मानवतं असं नाही, ते हे असं.

येथे कोणी जाणकार शेतकरी मला अडवील. "साहेब, वेगवेगळ्या जातींचे मासे एकत्र सोडा, असं तर तुम्हीच शेततळ्यासाठी सांगता." बरोबर आहे. कटला, रोहू, मृगळ एकत्र सोडा, असं आम्ही सांगतो. कटला पृष्ठभागाजवळ चरतो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. एकाच पाण्यात तिघांची ताटं वेगळी. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. हे मासे साठलेल्या पाण्यात आपण होऊन वीत नाहीत. त्यांना वाहतं, चढतं पाणी लागतं. म्हणून तर 1957 साली डॉ. हिरालाल चौधुरी यांनी इंजेक्शन देऊन त्यांची पैदास करण्याची रीत यशस्वी केली, आणि तेव्हापासून केंद्रावरून बीज विकत आणायची सोय झाली. तळ्यात हजार बोटुकली सोडली, तर हजाराच्या आतच राहणार, वर जाणार नाहीत. आकडा तुमच्या हातात. गप्पीचा आकडा कोणाच्याच हातात नसतो. म्हणून ज्या शेततळ्यात मत्स्यबीज सोडायचं आहे, तेथेही गप्पी घालू नका. बोटुकलीसाठी टाकलेला कोंडा आणि पेंड तोच खाऊन जाईल.

मेक्सिकोत झालं तसंच आपल्या ओढ्यात होईल, असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. आपले मासे वेगळे, आपला पावसाळा वेगळा. पूर आला की पुष्कळसं धुऊन निघतं, असंही काही जण म्हणतात. पण शहरांजवळच्या कितीतरी नाल्यांत गप्पीचे थवे आज उघड दिसतात. पूर त्यांनीही पाहिलेच असतील. आणि सह्याद्रीच्या ओढ्या-नद्यांतही असे बारके मासे आहेत, जे जगात इतर कोठे नाहीत. विहिरीतला मासा उपसून काढता येतो. ओढ्यात गेलेला परत बादलीत आणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

तर मग गप्पी वापरायचा कोठे? चारी बाजूंनी बंद असलेल्या पाण्यात. पडीक विहीर, वापरातली विहीर, सिमेंटचा हौद, बांधकामावरची टाकी, गोठ्याजवळचं न उपसलं जाणारं कुंड. सोडण्याआधी एकच गोष्ट स्वतःला विचारा: पावसाळ्यात हे पाणी भरून वाहिलं तर कोठे जातं? उत्तर "ओढ्याला" असं आलं, तर तेथे गप्पी नको. ज्या विहिरीला कठडा नाही आणि श्रावणात जिचं पाणी काठाला टेकतं, ती विहीर बंद पाण्यात मोजू नका. आधी कठडा बांधा. हौदाच्या सांडीच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, आणि ती कचऱ्याने तुंबत नाही ना, तेही बघा.

विहिरीत टीसीएल पावडर टाकायची असेल तर मासे आधी काढून घ्या. ताज्या मात्रेत ते मरतात. चांगले काही दिवस जाऊ द्या, मग थोडे परत सोडून पाहा, जगले तर बाकीचे सोडा. आणि फवारणीचा पंप विहिरीच्या काठावर धुण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी माशांची तक्रार घेऊन येऊ नये. तेच पाणी घरात पिण्याला जातं, हे त्यांना मी वेगळं काय सांगू?

ओढ्याकाठच्या डासांचं काय, हा श्रोत्याचा दुसरा प्रश्न. वाहत्या पाण्यात अळ्या फारशा धरत नाहीत. त्या धरतात काठाच्या डबक्यांत, गुरांच्या खुरांनी पडलेल्या खळग्यांत, गवतात अडून राहिलेल्या पाण्यात. एक दिवस चार माणसं फावडी घेऊन उतरली, डबक्यांना ओढ्याकडे वाट काढून दिली, खळगे बुजवले, की निम्मं काम झालं. राहिलेल्या डोहांत आपले मूळचे बारके मासे असतातच. डोक्यावर चांदीचा टिकला लावल्यासारखा चमकता ठिपका असलेला एक मासा अगदी वरवर तरंगताना तुम्ही पाहिला असेल. अळ्या हे त्याचं आवडतं खाणं. त्याला कोणी आणावं लागत नाही. फक्त डोहात औषध किंवा चुना टाकून मासे मारण्याचा धंदा बंद ठेवा.

आता राहिले आपल्या श्रोत्याच्या विहिरीतले जादा मासे. मच्छरदाणीच्या कापडाचं पसरट झेलं करा, कडेला दोरी बांधा, संध्याकाळी चिमूटभर कोंडा टाकून गप्पी वर आले की खालून उचला. शेजारच्या बंद विहिरीला हवे असतील तर द्या. नेताना डबा सावलीत ठेवा, आणि सोडताना नव्या विहिरीचं पाणी थोडं थोडं डब्यात मिसळत पाव तासाने सोडा, एकदम ओतू नका. आरोग्य केंद्रालाही विचारून पाहा, पुष्कळ ठिकाणी पैदास हौदासाठी मासे लागतात. कोणालाच नको असतील तर कोंबड्यांना घाला, त्या आनंदाने खातील. नाहीतर नारळाच्या आळ्यात पुरा. आणि झेलं, डबा, बादली धुतलेलं पाणी शेतातच ओता, ओढ्याच्या काठावर नको. एखादी मादी त्यात असतेच.

पत्राचं उत्तर टपालानेही धाडलं आहे. रामराम.