तापानंतरचं धुकं

लेप्टोस्पायरोसिस म्हटलं की २६ जुलै २००५ नंतरची मुंबई आठवते. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, माणसं कमरेएवढ्या पाण्यातून घरी गेली आणि पुढच्या काही आठवड्यांत तापाचे रुग्ण वाढले. कावीळ, मूत्रपिंडं, फुप्फुसं यांची चर्चा तेव्हा पुष्कळ झाली. डोळ्यांविषयी फारसं कोणी बोललं नाही. एक नेत्रतज्ज्ञ म्हणून आज मी तेवढंच सांगणार आहे.

हा जंतू मळसूत्रासारखा पिळदार. उंदीर, गुरं, कुत्री यांच्या लघवीतून तो चिखलपाण्यात येतो आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून, डोळ्यात उडालेल्या पाण्यातूनही शरीरात शिरतो. ताप येतो, पोटऱ्या विलक्षण दुखतात, डोळे लाल होतात. डोळे येतात तेव्हा चिपडं धरतात, इथे तसं होत नाही. मग ताप उतरतो, लाली जाते आणि माणूस कामाला लागतो.

एकदा दिवाळीच्या सुमाराला कोकणातले एक शेतकरी माझ्याकडे आले. ‘‘डॉक्टरसाहेब, डाव्या डोळ्यापुढे धुकं आहे, काळे ठिपके तरंगतात.’’ त्यांच्या मते मोतीबिंदू. मी विचारलं, सहा महिन्यांत मोठा ताप आला होता का? ते नाही म्हणाले. शेजारी बसलेल्या पत्नी चटकन म्हणाल्या, ‘‘अहो, लावणीक तुमका ताप इल्लो ना!’’

डोळ्याच्या पोकळीतला काचेसारखा स्वच्छ गर गढूळ झाला होता. मागच्या पडद्यावरच्या, म्हणजे दृष्टिपटलावरच्या शिरांना सूज होती आणि मज्जातंतूचं टोकही फुगलेलं होतं. तापानंतर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी हे घडतं. त्यात जंतूपेक्षा त्याच्याशी लढणाऱ्या आपल्याच प्रतिकारशक्तीचा वाटा मोठा असतो, असं मानलं जातं.

तमिळनाडूत १९९३ मध्ये मोठे पूर आले. त्यानंतर १९९४ मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात डोळ्यांच्या आतल्या सुजेचे रुग्ण अचानक वाढले. तिथल्या डॉक्टरांनी माग काढला तो लेप्टोपर्यंत पोचला. आपल्याकडे अशी सूज दिसली की आधी क्षयाचा विचार होतो. तो व्हायलाच हवा. पण पावसाळ्यातल्या तापाची चौकशीही व्हायला हवी. रक्तातल्या प्रतिपिंडांच्या तपासणीतून पुष्कळदा उलगडा होतो.

उपचार वेळेवर झाले तर बहुतेकांची नजर चांगली सुधारते. मुख्य औषध स्टेरॉइडचं. काहींना प्रतिजैविकंही देतो. मात्र हेच थेंब औषधाच्या दुकानातून परस्पर आणून महिनोन्महिने घालणारे लोक मी पाहतो, तेव्हा धास्ती वाटते. डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होतो आणि त्याने गेलेली नजर परत येत नाही.

त्या गृहस्थांना आता दोन्ही डोळ्यांनी नीट दिसतं. लावणीला गमबूट घाला, असं मी सांगितलं. ‘‘चिखलणीत ते रुततात, पाय बाहेर येतो आणि बूट आत राहतो,’’ असं त्यांचं उत्तर. त्यांचं म्हणणं खोटं नाही. निदान पायाच्या जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावून शेतात उतरायचं आणि ताप आला तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठायचं, एवढं त्यांनी कबूल केलं आहे. तापाची तारीख लक्षात ठेवायचं काम त्यांच्या पत्नीने घेतलं आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)