एक मेची सुट्टी : घराने सांगावयाची कथा

(काळाचौकी येथील कुटुंब मेळाव्यात झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



1 मे रोजी महाराष्ट्रातील अनेक शाळांत सकाळी ध्वजवंदन होते, निकाल हाती पडतो आणि मुले उन्हाळी सुट्टीत मोकळी होतात. घरी आल्यावर एखादे सहा वर्षांचे मूल सहज विचारते, "आज सुट्टी कशाची?" वडील वर्तमानपत्रातून मान वर न काढता सांगतात, "महाराष्ट्र दिन." आजोबा म्हणतात, "कामगार दिन." दोन्ही उत्तरे खरी, परंतु मुलाच्या हाती दोन शब्दांपलीकडे काही पडत नाही. दुपार दूरचित्रवाणीपुढे जाते, संध्याकाळ मॉलमध्ये. उत्तर मिळेनासे झाले की काही वर्षांनी मुले प्रश्नच विचारीत नाहीत. चिंता आहे ती याची.

काळाचौकीतील घराला तर हे उत्तर शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही.

सुट्टी मिळवावी लागली

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या गिरण्यांतील कामगाराला आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि मागण्या मांडल्या. रविवार हा खंडोबाचा वार. त्या दिवशी कामगाराला देवासाठी, घरासाठी आणि समाजासाठी वेळ मिळावा, अशी त्यांची भूमिका होती. एप्रिल 1890 मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर हजारो कामगारांची सभा झाली आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. शिकागोच्या कामगारांनी 1886 मध्ये आठ तासांच्या कामासाठी दिलेला लढा मुलांनी जरूर ऐकावा. पण दर रविवारी ज्यांच्यामुळे वडील घरी असतात, त्या लोखंड्यांचे नाव त्यांनी आधी ऐकावे.

याच काळाचौकीत इंडिया युनायटेड मिल होती. भोंग्यावर घराचे घड्याळ चाले. रात्रपाळीचा बाप सकाळी परते, तेव्हा मूल शाळेत गेलेले असे. तो निघे, तेव्हा ते झोपलेले असे. एका घरात राहूनही बापलेकांची धड भेट होई ती सुट्टीच्या दिवशीच. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कित्येक घरांतील चूल मंदावली. कोणी गावी गेले, कोणी विरार-बदलापूर गाठले. ज्या घरांनी हे सोसले, त्या घरांतील नातवंडांना सुट्टी म्हणजे केवळ कंटाळा घालवण्याचा दिवस वाटावा, हे उचित नव्हे.

राज्यही मिळवावे लागले

21 नोव्हेंबर 1955 रोजी फ्लोरा फाउंटनपाशी निदर्शकांवर गोळीबार झाला. जानेवारी 1956 मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा होताच शहर पेटले आणि पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या. या लढ्यात शंभराहून अधिक जणांनी प्राण वेचले. त्यांत साधी, कष्टकरी माणसे पुष्कळ होती. चिंतामणराव देशमुखांनी या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष एका मंचावर आले. 1 मे 1960 रोजी राज्य स्थापन झाले. बेळगाव, निपाणी, कारवार मात्र बाहेर राहिले. त्या दिवशी दहा वर्षांचा असलेला मुलगा आज पंच्याहत्तरीच्या घरात आहे. तो आजोबा घरात आहे, तोवर त्याला बोलते करावयास हवे.

लहानग्यांसाठी दिवस कसा असावा?

चार-पाच वर्षांच्या मुलाला भाषण कळत नाही, गोळीबाराचे वर्णन त्याच्यापुढे करूही नये. त्याला हाताने करावयाचे काम द्यावे. पाटावर खडूने महाराष्ट्राचा नकाशा काढून द्यावा आणि धान्याने भरू द्यावा : कोकणात तांदूळ, देशावर ज्वारी, मराठवाड्यात तूर. विदर्भात कापसाचा बोळा ठेवताना आजोबांनी सांगावे, की हाच कापूस गिरणीत येई आणि त्याचे कापड होई. शेत आणि गिरणी यांचे नाते मुलाला तेवढ्याने समजते.

जेवणात आमरस असावा, दुपारी कैरीचे पन्हे असावे आणि पंगत सर्वांची एकत्र असावी. त्या दिवशी आईलाही सुट्टी मिळाली पाहिजे. कामगार दिनी घरातील सर्वांत जुना कामगार एकटा ओट्यापाशी उभा राहिला, तर मुलांना काय शिकवले?

ऊन उतरल्यावर कॉटन ग्रीनहून हार्बर गाडी धरावी, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून हुतात्मा चौकापर्यंत चालत जावे. तेथे मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत. मुलाच्या हाताने एक फूल वाहावे. "हे कोण?" असे ते विचारीलच. "आपल्यासारखीच माणसे," इतके सांगितले तरी पुरे. उरलेले परतीच्या गाडीत आणि पुढील वर्षांत सांगता येते.

या सगळ्याला ना फार पैसा लागतो, ना मोठी तयारी. एक दिवस दूरचित्रवाणी बंद ठेवावी लागते आणि घरातील वडीलधाऱ्यांना वेळ द्यावा लागतो. येत्या 1 मे रोजी निकालपत्र हातात घेऊन मूल दारात उभे राहील आणि विचारील, "सुट्टी कशाची?" तेव्हा वर्तमानपत्र बाजूला ठेवून त्याला जवळ बसवावे. त्या प्रश्नाचे उत्तर शाळेआधी घराने द्यावयाचे आहे.