खांबाचे पाय



दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या तोंडावर पडवी धूत होतो. कोपऱ्यातल्या खांबाच्या बुडाशी कवडीएवढी पिवळट बुरशी दिसली. घर आमचं कर्जत तालुक्यात, कशेळ्याच्या अंगाला. खांब ऐनाचा, आजोबांच्या वेळचा, वरून ऑईलपेंट लावून चकचकीत केलेला. सहज म्हणून स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तर पिकल्या पेरूत बोट जावं तसा तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर आला तो तपकिरी, ओला भुगा घेऊन. पडवीचं अर्धं छप्पर त्या खांबावर होतं.

गावातल्या सुतारमामांना बोलावलं. त्यांनी खांबाकडे पाहिलंच नाही. खाली लादीकडे बघत म्हणाले, "बाळा, तळखडा कुठाय?"

तळखडा म्हणजे खांबाखालचा घडीव दगड. जुन्या माणसांनी खांब मातीत पुरला नाही, जमिनीच्या वर दगड ठेवून त्यावर उभा केला. आम्ही सारवलेली जमीन काढून लादी घातली, तेव्हा भराव टाकून जमीन उंच केली. दगड गाडला गेला, खांबाचं बूड लादीच्या खाली गेलं, आणि फट नको म्हणून भोवती सिमेंट भरलं. खांबाचे पाय जणू वाटीत ठेवले. पडवी धुतली की पाणी वाटीत, झड आली की पाणी वाटीत. बाहेर पडायला वाट नाही.

लाकूड कुजवते ती बुरशी. तिला ओल लागते आणि हवाही लागते. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी वाढू शकत नाही. म्हणून छपरातलं कोरडं आढं टिकतं. विहिरीच्या तळाशी बसवलेलं जांभळाचं लाकूडही टिकतं, कारण ते कायम पाण्यात बुडालेलं असतं, त्याला हवा मिळत नाही. कुजतं ते मधलं लाकूड, भिजणारं पण सुकू न शकणारं.

नॉर्वेतल्या लोकांनाही हे ठेच लागूनच कळलं. तिथली सुरुवातीची लाकडी चर्च जमिनीत पुरलेल्या खांबांवर होती, ती कुजून गेली. नंतरच्यांनी दगडाच्या जोत्यावर लाकडी चौकट ठेवून तिच्यावर खांब उभे केले. उर्नेस गावचं बाराव्या शतकातलं चर्च आजही उभं आहे. तळखडाच तो, फक्त दूरचा.

आपल्याकडे पाऊस काही नवा नाही. माथेरानच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना तो सांगायला नको. बदललो आपण. ऑईलपेंटनं लाकडातली ओल आतच कोंडली. चूल गेली, तसा वाशांना रोज मिळणारा ऊब-धूरही गेला. चूल परत आणा असं मी म्हणणार नाही, आईचा खोकला मी रात्र-रात्र ऐकलाय. पण मग धुराचं काम वाऱ्याला करू द्या. भिंत आणि छप्पर यांमधली फट बुजवू नका.

आणि ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आठवा. तेव्हा सरकलेलं एखादं कौल नीट बसलं नसेल, तर त्याखालचा वासा इतकी वर्षं गुपचूप पाणी पितोय.

तपासायचं कसं? मूठ मारून ऐका. सुकं, निरोगी लाकूड खणखणीत बोलतं, कुजलेलं भद्द वाजतं. मग टोच्यानं एक सल उचकटा. चांगल्या लाकडाची लांब सळी निघते, कुजलेलं तिथल्या तिथे तुटतं. मातीच्या नळ्या चढलेल्या दिसल्या तर ती वाळवी, बारीक भोकांतून कोरडं पीठ गळत असेल तर भुंगा. त्यांचं औषध वेगळं. खांबाचं बूड, भिंतीत शिरलेली तुळईची टोकं, पागोळीकडची वाशांची टोकं, इथे आधी बघा. हल्ली आपल्याकडे फार्महाऊसवर ओंडक्यांच्या कॉटेज होतात. तिथे सर्वांत खालचा ओंडका आणि कोपऱ्यातली उघडी टोकं बघा. बाहेरून आणलेला पाईन आपल्या ऐन-सागाइतका दम धरत नाही.

कुजलेल्या जागी पुट्टी किंवा सिमेंट कधीही भरू नका. ती पुन्हा वाटीच होते.

मामांनी तुळईखाली दोन टेकू लावले, जॅकनं बोटभर भार उचलला आणि खांब कापला. भुगा हातभरच होता, पण कापलं त्याच्याही वर वीतभर, कारण बुरशीचे तंतू दिसणाऱ्या कुजीच्या पुढे गेलेले असतात. कापलेल्या टोकाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं गरम पाणी तीन वेळा पाजलं. हे पाण्यात विरघळतं, उघड्या पावसात धुऊन जातं, म्हणून छपराखालीच वापरायचं. नवं लाकूड जोडलंच नाही. लादी फोडून खालून काळा दगड चढवला, माथ्याला किंचित उतार दिलेला, आणि दगड-लाकडाच्या मध्ये डांबरी कागद घातला. ऑईलपेंट खरवडून काढला.

गेल्या आषाढात मी रोज सकाळी तिथे हात लावून बघत होतो. दगड ओला असायचा. त्यावरचा ऐन कोरडा.