कोणते रिव्हॉल्व्हर घेऊ?

(एका तालुक्याच्या गावातील व्यापारी मंडळाच्या वार्षिक व्याख्यानमालेत ज्येष्ठ पत्रकाराने दिलेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



आपल्या या व्याख्यानमालेत संतसाहित्य, मधुमेह, गुंतवणूक असे विषय दरवर्षी होतात. त्यांच्या पंक्तीत हे रिव्हॉल्व्हर कोठून येऊन बसले, असे माझ्या पत्नीनेही मला विचारले. त्याचे कारण आपल्याच सभागृहात बसलेले आहे. आपल्या गावातील एक सराफ माझे जुने स्नेही. शेजारच्या तालुक्यात सराफी पेढीवर दरोडा पडला, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा मला दूरध्वनी आला. "तुम्ही बाळगले होते ना? मग सांगा, कोणते घेऊ?" मी उत्साहाने वजन, नळीची लांबी, किंमत असे सगळे सांगून टाकले. फोन ठेवल्यावर लक्षात आले की, आपण उत्तर चुकीचे दिले. ते नीट द्यावे म्हणून हा विषय मी अध्यक्षांकडे मागून घेतला.

मी कला शाखेचा पदवीधर. यंत्रशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. मात्र १९९८ साली नदीतील वाळूच्या चोरट्या उपशाविषयी मी लिहीत होतो, तेव्हा धमक्या आल्या आणि मला शस्त्रपरवाना मिळाला. त्यानंतर अकरा वर्षे कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनलेले ०.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर माझ्या कमरेला होते. त्या अकरा वर्षांच्या अनुभवावर मी बोलणार आहे.

प्रथम कायद्याचे थोडे सांगतो, कारण आपल्याकडे निवडीचे निम्मे काम कायदाच करून टाकतो. इंग्रज सरकारने १८७८ साली शस्त्रकायदा करून सामान्य भारतीयाला परवान्यावाचून शस्त्र बाळगण्यास मनाई केली, हा इतिहास आपण जाणता. स्वतंत्र भारताने १९५९ साली स्वतःचा कायदा केला. पण त्यातही शस्त्र हा हक्क मानलेला नाही, परवान्याने मिळणारी सवलत मानली आहे. पोलिसांचा अहवाल लागतो, जिवाला धोका का आहे ते पटवून द्यावे लागते. २०१६च्या नियमांनी शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षणही आवश्यक केले. २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडे तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतील असे ठरले आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. याच दुरुस्तीने लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. आपल्या भागातील काही हौशी मंडळींनी याची नोंद घ्यावी.

पोलीस आणि सैन्य वापरतात ते ९ मिलिमीटरचे शस्त्र सामान्य नागरिकाला मिळत नाही. परदेशी शस्त्रांची आयात नागरिकांना १९८०च्या दशकापासून बंद आहे. त्यामुळे जुनी विलायती रिव्हॉल्व्हरे आपल्याकडे वडिलोपार्जित दागिन्यांसारख्या किमतीला विकली जात. म्हणजे सामान्य माणसापुढे पर्याय उरतो तो मुख्यतः ०.३२ बोअरचा, आणि त्याहून लहान ०.२२चा.

आता पिस्तूल की रिव्हॉल्व्हर? पिस्तुलात मुठीतल्या पेटीत काडतुसे असतात आणि प्रत्येक बारानंतर पुढचे आपोआप नळीत चढते. रिव्हॉल्व्हरमध्ये फिरते चक्र असते, त्यात बहुधा सहा घरे. पिस्तुलात काडतुसे अधिक मावतात, ते चपटेही असते. पण पेटी काढून घेतली तरी नळीत एक काडतूस राहू शकते, आणि "रिकामे आहे" या समजुतीने झालेले अपघात मी बातमीदार म्हणून लिहिलेले आहेत. रिव्हॉल्व्हरचे चक्र उघडले की सहाही घरे डोळ्यांना दिसतात. काडतूस फुटले नाही तर पुन्हा चाप ओढावा, पुढचे घर समोर येते. घोडा न चढवता चाप ओढायचा तर बोटाला चांगला जोर लावावा लागतो. नवख्याला ती अडचण वाटते, मला तो गुण वाटतो. वर्षातून दोनचार वेळाच सराव करणाऱ्या माणसाने रिव्हॉल्व्हरच घ्यावे, हे माझे स्पष्ट मत आहे. जुने शस्त्र विकत घेणार असाल तर एक गोष्ट जाणकाराकडून तपासून घ्या. हातातून पडून घोड्यावर आपटले तर बार उडू नये, अशी अडसराची सोय त्यात आहे की नाही? नसेल, तर घोड्याखालचे घर रिकामे ठेवण्याची जुन्या लोकांची पद्धत होती. ती भित्रेपणाची नव्हती.

कानपूरच्या जुन्या ०.३२ रिव्हॉल्व्हरची रचना विलायतेच्या वेब्ली घराण्यातली. काडतुसे भरताना ते मधोमध मोडावे लागते. जानेवारी २०१४मध्ये 'निर्भीक' आले. दिल्लीच्या 'निर्भया' प्रकरणानंतर महिलांसाठी म्हणून त्याची मोठी प्रसिद्धी झाली. वजन सुमारे अर्धा किलो, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. ईशापूरच्या कारखान्याने ०.२२चे 'निडर' काढले, ते अवघे अडीचशे ग्रॅमचे. ऑगस्ट २०२३मध्ये कानपूरहूनच 'प्रबल' आले. त्याचे चक्र बाजूला उघडते, आपल्याकडे बनलेले या पद्धतीचे ते पहिलेच. वजन सातशे ग्रॅमच्या आसपास, नळी ७६ मिलिमीटर, आणि पल्ला पन्नास मीटर असल्याचे उत्पादक सांगतात. पन्नास मीटरवर मी म्हशीलाही नेम धरू शकलो नसतो, हा भाग निराळा. ज्या प्रसंगासाठी आपण शस्त्र घेतो तो गल्ल्याच्या या बाजूला आणि त्या बाजूला घडतो. पाच-सात हातांवर.

हलके घ्यावे की जड, हा प्रश्न दुकानात पाच मिनिटे हाताळून सुटत नाही. सातशे ग्रॅम म्हणजे काय, असे वाटते. पण वैशाखात, सदऱ्याखाली, दहा तास कमरेला घेऊन बसून पाहा. तिसऱ्या दिवशी माणूस ते काढून गल्ल्यात ठेवतो, आणि त्या क्षणी ते गल्ल्याला हात घालणाऱ्या प्रत्येकाचे होते. उलट फार हलके शस्त्र हातात अधिक उसळते, आखूड नळीने नेम चुकतो. ज्यांना रोज अंगावर वागवायचे आहे त्यांनी आखूड नळीचे व हलके घ्यावे. ज्यांना ते मुख्यतः घरी ठेवायचे आहे त्यांनी थोडे जड व लांब नळीचे घ्यावे, इतका साधा हिशेब आहे. आणि चांगल्या चामड्याच्या खोळीसाठी पैसे राखून ठेवावेत. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र खोळीत, पूर्ण झाकलेले आणि आपल्या ताब्यात असले पाहिजे, असे नियमच सांगतात.

या "आपल्या ताब्यात" शब्दांपाशी मला माझी लाज सांगितली पाहिजे. २००८ सालची गोष्ट. रात्रीच्या बसने मी जिल्ह्याच्या गावाहून परतत होतो. कमरेला टोचते म्हणून ते खोळीसकट पिशवीत ठेवले होते, पिशवी मांडीवर. मला झोप लागली. कोणीतरी खांदा हलवला म्हणून जागा झालो तर शेजारच्या बाकावरचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा खोळ दोन्ही हातांत धरून उभा होता. "काका, तुमचं हे खाली पडलं होतं." खोळीची पट्टी सुटलेली होती. सहाही घरे भरलेली होती. मी ते घेतले. त्याला धन्यवाद म्हणालो की नाही, हे आजही मला आठवत नाही. त्याची आई खिडकीशी झोपलेली होती. पुढच्या वर्षी परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा मी अर्ज केला नाही. रीतसर परवानगी घेऊन शस्त्र परवानाधारक विक्रेत्याला विकून टाकले. धमक्या देणारे तोवर थंडावले होते, हे खरे. पण मी शस्त्र सोडले ते त्या मुलामुळे.

म्हणून सराफ मित्राला मी उलट प्रश्न विचारायला हवा होता: तुमच्या दिवसातले नेमके कोणते तास धोक्याचे आहेत? आम्ही दोघांनी नंतर बसून त्यांचा महिना लिहून काढला. पेढीत कॅमेरे आहेत, धोक्याची घंटा आहे, दोन नोकर आहेत. तिथे समोर तिघे शस्त्र रोखून उभे असताना कमरेचे रिव्हॉल्व्हर काढण्याचे धाडस म्हणजे गिऱ्हाइकांच्या जिवाशी खेळ. देवळात, न्यायालयात, विमानतळावर ते नेता येत नाही; मग ते गाडीत राहते आणि गाडीतून चोरीस जाते. उरले महिन्यातले दोनतीन दिवस, ज्या दिवशी ते स्वतः माल घेऊन मोटारीने शहरात जातात. त्यांची गरज आहे ती एवढीच, पण ती खरी आहे. तिच्यासाठी कमरेला घट्ट बसणारे, आखूड नळीचे ०.३२ रिव्हॉल्व्हर योग्य. पिशवीत ठेवलेले नव्हे. लुटारू आधी पिशवीच ओढतो. भगिनींनाही हेच सांगेन. 'निर्भीक' पर्समध्ये ठेवले तर पर्स हिसकावणाऱ्याला सव्वा लाखाचे शस्त्र फुकट मिळते. अंगावर वागवण्याची आणि सरावाची तयारी असेल तर मात्र जरूर घ्यावे, त्यात स्त्री-पुरुष भेद मी मानत नाही.

शेतावर राहणारे बांधवही येथे आहेत. रात्रीची वीज येते, पाणी द्यायला उसात जावे लागते आणि बिबट्याचे भय असते. जुन्नर-आंबेगावकडची परिस्थिती आपण वाचतोच. पण ०.३२चे रिव्हॉल्व्हर बिबट्यावर उपयोगाचे नाही. उसातून झेपावणाऱ्या जनावरावर अंधारात नेम लागत नाही, आणि लागला तरी ती लहान गोळी त्याला थांबवीलच असे नाही. जखमी बिबट्या मग साऱ्या शिवाराला भारी पडतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात खरोखर स्वतःचा जीव वाचवताना प्राणी मारला गेला तर गुन्हा होत नाही. परंतु तसे सिद्ध करण्याचा फेरा सोपा नाही. दोघांनी जाणे, जोराचा विजेरीचा झोत, काठीला बांधलेले घुंगरू, मोठ्याने बोलत चालणे हे उपाय अधिक खात्रीचे. पीकसंरक्षणासाठी परवाना मिळतो तो बहुधा बारा बोअरच्या बंदुकीचा, आणि शेतावर तेच शस्त्र शोभते. अर्थात रानडुकरावरही परवानगीवाचून ती चालवता येत नाही.

येथे एक शंका येते, ती आमच्या भाच्यामुळे. तो टेक्सासमध्ये असतो. तेथे सप्टेंबर २०२१पासून बहुतेक सज्ञान नागरिकांना परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येते. अलास्काच्या जंगलात लोक अस्वलाच्या भयाने ०.४४ मॅग्नमसारखे जबर रिव्हॉल्व्हर कमरेला लावून हिंडतात, असे तो सांगतो, आणि ते खरे आहे. ते काडतूस १९५५चे, शक्तीने आपल्या ०.३२च्या कित्येक पट. तरीही तेथील अनेक जाणते लोक तिखटाच्या फवाऱ्यावरच अधिक विसंबतात. त्यांचे अरण्य निराळे, कायदा निराळा. परदेशी मुलांना मात्र आवर्जून सांगा, तिकडे हौसेने नेमबाजी केली असेल तर भारतात येताना सामान झाडून घ्या. बॅगेच्या कोपऱ्यात राहिलेल्या एका काडतुसापायी विमानतळावर गुन्हे दाखल झालेले आहेत.

स्वसंरक्षणाचा हक्क पूर्वी दंडसंहितेत होता, १ जुलै २०२४पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४मध्ये आहे. त्यातले मर्म एवढेच की, बचावाला आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही. चोर पाठ फिरवून पळत असताना मागून गोळी झाडणारा व्यापारी स्वतः आरोपी होऊ शकतो. घरातही काडतुसे आणि शस्त्र निरनिराळ्या कुलपात ठेवावीत. आणि जड मनाने एक सांगतो. घरात कोणी खचलेले असेल, कर्जाने, परीक्षेने, कशानेही, तर त्या काळात शस्त्र घरात ठेवू नये. परवानाधारक विक्रेत्याकडे ते रीतसर जमा करता येते. निवडणुकीच्या वेळी आदेश आला की आपण जमा करतोच ना? मग आपल्या माणसासाठी करण्यात कमीपणा कसला?

आमच्या सराफ मित्रांनी अखेर परवाना घेतला, प्रशिक्षण घेतले आणि आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर घेतले. मालाच्या दिवशी ते अंगावर असते, एरवी कपाटात. कपाटाची किल्ली वहिनींकडे असते; मालाच्या दिवशी सकाळी त्या ते काढून देतात, संध्याकाळी स्वतः घरे मोजून परत ठेवतात. एक-दोनदा मित्र त्यावर कुरकुरलेही. वहिनी आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. कोणाला काही विचारायचे असेल, तर माझ्याऐवजी त्यांना विचारावे.